खंडित शिक्षणाची सांधणी

ठाणे जिल्ह्याच्या भिवंडी तालुक्यातील वळ हे एकेकाळी भातशेतीवर जगणारे गाव. मुंबई-नाशिक महामार्गाच्या सान्निध्यामुळे वळ, पूर्णा, राहनाळ, दापोडे, काल्हेर या पट्ट्यात गोदामे उभी राहिली आणि गावांच्या अर्थजीवनाची घडीच बदलली. देशभरातून आलेला माल येथे उतरतो, साठविला जातो आणि पुन्हा गाड्यांवर चढतो. या कामासाठी बाहेरच्या जिल्ह्यांतून व परप्रांतांतून माणसे आली. शेजारीच भिवंडीचे यंत्रमाग आणि तालुक्यातील वीटभट्ट्या. अशा भागातील शाळेच्या वर्गात मूळच्या शेतकरी कुटुंबातील मुलाशेजारी हमालाचे, मागावरील कारागिराचे किंवा भट्टीवरील मजुराचे मूल बसते. एकाचे घर गावातच असते. दुसऱ्याचे घर काम असेल तेथे असते.

शाळा चालू असते तेव्हा हा भेद फारसा जाणवत नाही. ती बंद पडली की तोच भेद मुलाचे भवितव्य ठरवू लागतो. २०२० मध्ये आलेल्या कोविडच्या साथीने हे लख्खपणे दाखवून दिले.

शाळा बंद, घरे विस्कटलेली

मार्च २०२० च्या मध्यास राज्यातील शाळा बंद झाल्या आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार त्या काळात १९० हून अधिक देशांतील सुमारे १६० कोटी विद्यार्थ्यांचे शिक्षण खंडित झाले. परंतु भिवंडीसारख्या भागात केवळ शाळाच बंद झाली नाही, रोजगारही थांबला. मजूर कुटुंबे महामार्गाने पायी निघाली. मे २०२० च्या आरंभी भिवंडी रोड स्थानकातून गोरखपूरकडे श्रमिक विशेष गाडी सुटली. पालकांसमवेत मुलेही गेली. हजेरीपटावर नाव एका गावी आणि मूल दुसऱ्या गावी, अशी स्थिती झाली. जी राहिली, त्यांच्या घरी काम नव्हते. अनेक ठिकाणी शाळांच्या इमारती विलगीकरणासाठी घेतल्या गेल्या आणि शिक्षक सर्वेक्षणाच्या कामात गुंतले.

या परिस्थितीत पहिली गरज अन्नाची होती. शाळेत शिजणारे दुपारचे जेवण बंद झाल्याने शालेय पोषण आहाराचा तांदूळ व कडधान्ये कोरड्या शिध्याच्या रूपाने पालकांच्या हाती देण्यात आली. या वाटपाचा आणखी एक उपयोग झाला. शिधा नेण्यास आलेल्या पालकाकडून शिक्षकाला मुलाची खबर मिळे. जो आला नाही त्याच्या घरी चौकशी करता येई.

दूरचित्रवाणी आणि दूरध्वनी

एप्रिल २०२० पासून राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ या नावाने दैनंदिन अभ्यासमाला सुरू केली. इयत्तावार घटक व स्वाध्याय व्हॉट्सॲपद्वारे अधिकाऱ्यांकडून केंद्रप्रमुखांकडे, तेथून शिक्षकांकडे आणि शिक्षकांकडून पालकांकडे जात. २० जुलै २०२० पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. पाठ्यपुस्तकातील धड्यांवर आधारलेले, पण घरातील व परिसरातील वस्तूंतून शिकविणारे हे पाठ होते. २०२०-२१ या वर्षाचा अभ्यासक्रमही २५ टक्क्यांनी कमी करण्यात आला.

तथापि, दूरध्वनीवरील शिक्षणाला एक मर्यादा होती. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ या ग्रामीण सर्वेक्षणानुसार देशात शाळकरी मुलांच्या घरी स्मार्टफोन असण्याचे प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होते. ते २०२० मध्ये ६१.८ टक्के झाले. वाढ मोठी होती. परंतु घरात फोन असणे आणि तो मुलाच्या हाती असणे या दोन भिन्न गोष्टी होत. गोदामावर जाणारा पिता फोन बरोबर नेतो. तो रात्री परततो तेव्हा मूल झोपलेले असते. घरात तीन मुले असली तर एकाच फोनवर तीन इयत्तांचा अभ्यास व्हावयाचा. त्यातही ज्याला अद्याप वाचता येत नाही, त्या पहिलीतील मुलाला लेखी स्वाध्यायाचा उपयोग तो काय?

म्हणूनच जेथे शिक्षक आणि गावकरी यांनी मुलांपर्यंत प्रत्यक्ष पोहोचण्याचा मार्ग शोधला, तेथे अधिक साधले. ओसरीवर, समाजमंदिरात किंवा झाडाखाली अंतर राखून लहान गट बसविले गेले. पूर्वी ठाणे जिल्ह्याचाच भाग असलेल्या पालघरमधील मोखाडा व जव्हार परिसरात फोनचे जाळेच अपुरे होते. तेथे दिगंत स्वराज फाउंडेशनच्या ‘बोलकी शाळा’ या उपक्रमातून पाड्यापाड्यांवर ध्वनिक्षेपकाद्वारे पाठ ऐकविण्यात आले.

टप्प्याटप्प्याने उघडलेली दारे

शाळा एकदम उघडल्या नाहीत. नववी ते बारावीचे वर्ग २३ नोव्हेंबर २०२० पासून आणि पाचवी ते आठवीचे वर्ग २७ जानेवारी २०२१ पासून, स्थानिक प्रशासनाच्या निर्णयानुसार सुरू होऊ लागले. दुसऱ्या लाटेने ते पुन्हा बंद पडले. १५ जुलै २०२१ पासून कोविडमुक्त गावांत आठवी ते बारावीचे, ४ ऑक्टोबरपासून ग्रामीण भागात पाचवीपासून पुढचे आणि १ डिसेंबर २०२१ पासून पहिली ते चौथीचे वर्ग उघडण्यास मुभा मिळाली. जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा खंड पडला आणि त्याच महिन्याच्या २४ तारखेपासून वर्ग पुन्हा भरू लागले.

या तारखांचा हिशेब लहान मुलाच्या बाजूने करून पाहणे उद्बोधक आहे. जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेले मूल वर्गात प्रथम बसले ते दुसरीच्या वर्षाचा निम्मा काळ उलटल्यावर. जून २०२२ मध्ये ते तिसरीत गेले. अक्षरओळख, जोडाक्षरे, बेरीज-वजाबाकी हा पायाचा काळ त्याच्या वाट्याला जवळजवळ आलाच नाही. परीक्षेविना वरच्या वर्गात घालण्याचा निर्णय त्या वेळी अटळ होता. परंतु वर्ग पुढे सरकला म्हणून वाचन पुढे सरकत नाही.

सेतू, सर्वेक्षण आणि पहिले पाऊल

ही तूट भरून काढण्यासाठी १ जुलै ते १४ ऑगस्ट २०२१ या ४५ दिवसांत दुसरी ते दहावीसाठी सेतू अभ्यासक्रम राबविण्यात आला. मागील इयत्तेतील आवश्यक क्षमता दिवसवार कृतिपत्रिकांतून पक्क्या करावयाच्या आणि ठरावीक टप्प्यांवर चाचणी घ्यावयाची, अशी त्याची रचना होती. २०२२-२३ च्या आरंभीही असा अभ्यासक्रम घेण्यात आला.

दुसरा प्रश्न शाळेबाहेर गेलेल्या मुलांचा. ५ ते २० जुलै २०२२ या काळात ‘मिशन झिरो ड्रॉपआउट’ या मोहिमेद्वारे शाळाबाह्य, अनियमित व स्थलांतरित मुलांचा शोध घेण्यात आला. गोदामे, यंत्रमाग आणि वीटभट्ट्या असलेल्या परिसरात अशा मोहिमेचे महत्त्व विशेष असते. या भागाला तिची परंपराही आहे. वीटभट्टीवरील मुलांसाठी ‘विधायक संसद’ या संस्थेने भोंगाशाळा भरविल्या त्या १९९० च्या दशकात.

तिसरा उपक्रम शाळेच्या उंबरठ्यावरील मुलांसाठी होता. बालवाडी-अंगणवाडीचा अनुभवही न मिळालेली मुले पहिलीत येणार हे ध्यानी घेऊन २०२२ मध्ये ‘पहिले पाऊल’ हे शाळापूर्व तयारी अभियान घेण्यात आले. शेजारच्या मातांचे गट करून, घरातील कडधान्ये, पाने, भांडी यांच्या साहाय्याने मोजणे, वर्गीकरण व गप्पागोष्टी यांचा सराव करून घेण्यात आला. स्वतः फारसे न शिकलेल्या आईलाही मुलाच्या शिक्षणात वाटा घेता येतो, हा विश्वास हे या अभियानाचे मोठे फलित होय.

आकडे काय सांगतात

२०२२ च्या ‘असर’ सर्वेक्षणात देशाच्या ग्रामीण भागातील तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणाऱ्यांचे प्रमाण २०.५ टक्के आढळले. २०१८ मध्ये ते २७.३ टक्के होते. तिसरीतील ही मुले म्हणजे बहुतांशी २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेलीच होत. २०२४ मध्ये हे प्रमाण २७.१ टक्क्यांवर आले. म्हणजे ते साथीपूर्वीच्या पातळीस जवळजवळ पोहोचले.

मात्र या आकड्यांचा अर्थ जपून लावला पाहिजे. २०२४ मध्ये तिसरीत असलेली मुले जून २०२२ मध्ये, उघड्या शाळेत, दाखल झालेली होती. सुधारणा दिसते ती प्रामुख्याने त्यांची. ज्यांचा पाया हुकला ती मुले २०२४-२५ मध्ये पाचवीत पोहोचली. राज्यात २०२३-२४ पासून पाचवी व आठवीसाठी वार्षिक परीक्षा पुन्हा लागू झाली आहे. अनुत्तीर्ण विद्यार्थ्यास पुनर्परीक्षेची संधी असते, त्यातही यश न आल्यास त्याला त्याच वर्गात ठेवता येते. वयाच्या सहाव्या वर्षी शाळेचे दार बंद आढळलेल्या मुलाला अकराव्या वर्षी त्याचा जाब द्यावा लागावा, हे न्याय्य ठरणार नाही. तेव्हा वरच्या वर्गांतही वाचन कच्चे असलेल्या मुलांकडे स्वतंत्र लक्ष देणे अगत्याचे आहे.

पालकांनी जाणून घ्यावे असे

शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार जुन्या शाळेचा दाखला नाही या कारणास्तव सहा ते चौदा वयोगटातील मुलाचा प्रवेश नाकारता येत नाही. शाळा सुटलेल्या मुलाला त्याच्या वयानुरूप वर्गात प्रवेश आणि मागे पडलेल्या भागासाठी विशेष प्रशिक्षण मिळण्याचा हक्कही याच कायद्याने दिला आहे. कामानिमित्त हंगामाहंगामाने गाव बदलणाऱ्या पालकांनी हे अवश्य ध्यानात ठेवावे. शाळा व्यवस्थापन समितीत पालकांचे बहुमत असते. आपल्या गावात कोणते कुटुंब नव्याने आले आणि कोणते मूल वर्गात दिसेनासे झाले, हे शिक्षकाइतकेच या समितीलाही कळू शकते.

साथ ओसरली, गोदामांची वर्दळ पूर्ववत झाली आणि शाळांची घंटाही नियमित वाजू लागली. परंतु मूल वर्गात बसले म्हणजे शिकू लागले असे नव्हे. प्रत्येक मुलाच्या हाती पुस्तक देऊन त्याला एक परिच्छेद वाचावयास सांगणे ही साधी कसोटी शाळेत आणि घरी अधूनमधून घेतली जावी. जे अडखळेल त्याच्यासाठी सेतू अद्याप बांधावयाचा आहे.