टाकी फुल्ल करा, काठोकाठ नको!

मैत्रिणींनो, आज तालुक्याच्या गावातसुद्धा मुलांना शाळेत सोडणारी, बँकेत, बाजारात, नोकरीवर जाणारी बाई स्वतःच्या स्कूटीवर दिसते. कारचं स्टिअरिंग हातात घेणाऱ्याही आता नवलाच्या राहिलेल्या नाहीत. पण ड्रायव्हिंग क्लासमध्ये क्लच, गिअर, ब्रेक सगळं शिकवतात, पेट्रोल कसं भरून घ्यायचं ते मात्र कुणी शिकवत नाही. ते आपण घरातल्या पुरुषांचं बघून शिकतो. आणि त्यांचं काय असतं? मशीन 'खट्' करून बंद पडलं, तरी "अजून बसतंय, टाक!" गाडी जरा हलवायची, नोझल थोडं वर उचलायचं आणि तोंडाशी पेट्रोल दिसेपर्यंत भरायचं. पैसे देतोय तर टाकी गच्च भरून का घेऊ नये, असा सरळ हिशोब.

हिशोब सरळ वाटतो, पण चुकतो. कसा, ते बघू.

'खट्' आवाज कशासाठी?

पंपावरच्या नोझलच्या टोकाशी एक बारीक छिद्र असतं. पेट्रोल वाहत असताना त्या छिद्रातून हवा आत ओढली जात असते. टाकीतलं पेट्रोल वर चढून नोझलच्या टोकाला लागलं, की छिद्र बुजतं, हवा मिळत नाही आणि आतला पडदा ओढला जाऊन नोझल आपोआप बंद होतं. यात वीज नाही की कॉम्प्युटर नाही, साधी हवेची करामत आहे. हा आवाज म्हणजे टाकी भरल्याची खूण.

कधीकधी तो लवकर येतो हे खरं. नोझल वाकडं बसलं किंवा डिझेलला फेस आला, की अर्ध्यातच कट होतो. अशा वेळी नोझल नीट बसवून पुन्हा सुरू करायला हरकत नाही. पण टाकी भरत आल्यावर कट झाला, की थांबायचं. त्यानंतरचा प्रत्येक थेंब नको त्या जागी जातो.

रिकामी जागा रिकामी का?

आपण दुधाचं पातेलं कधी काठोकाठ भरून गॅसवर ठेवतो का? कुकरसुद्धा दोन तृतीयांशाच्या वर भरत नाही. स्वयंपाकाच्या सिलिंडरमध्येही द्रवरूप गॅस गळ्यापर्यंत भरलेला नसतो, वर वाफेसाठी जागा ठेवलेली असते. जे भांड्याचं, तेच गाडीच्या टाकीचं.

पेट्रोल तापलं की फुगतं. साधारण दहा अंश तापमान वाढलं, की शंभर लिटरमागे एक लिटर वाढ होते. जमिनीखालच्या टाकीतलं पेट्रोल तुलनेनं गार असतं. ते आपण चाळीस लिटरच्या टाकीत भरलं, गाडी वैशाखाच्या उन्हात उभी केली आणि पेट्रोल पंधरा अंशांनी तापलं, तर अर्ध्या लिटरहून जास्त वाढ होते. ती जाणार कुठे? जागा असेल तर टाकीतच मावेल. नसेल तर वाट फुटेल तिथे जाईल.

कोळशाची डबी

ही वाट बहुतेक वेळा एका डबीत जाते. पेट्रोलच्या गाडीत कोळशाची एक डबी असते, मेकॅनिक तिला कॅनिस्टर म्हणतात. पाण्याच्या फिल्टरमध्ये असतो तसा खास कोळसा तिच्यात असतो. टाकीतली पेट्रोलची वाफ हवेत जाऊ नये म्हणून हा कोळसा ती धरून ठेवतो आणि इंजिन चालू झालं, की वाफ इंजिनात ओढून जाळली जाते. म्हणजे प्रदूषण कमी आणि पेट्रोलही वाया नाही. हल्लीच्या स्कूटर आणि मोटारसायकलींनाही अशी डबी असते.

पण ही डबी वाफेसाठी आहे, पातळ पेट्रोलसाठी नाही. टाकी गळ्यापर्यंत भरली, की पेट्रोल वाफेच्या नळीतून थेट डबीत उतरतं आणि कोळसा भिजतो. एखाद्या वेळी झालं तर तो सुकतोही. पण दर वेळी हेच केलं, तर डबी निकामी होते. मग पेट्रोल भरल्यावर गाडी पटकन सुरू होत नाही, धक्के खाते, पेट्रोलचा वास येतो, कारमध्ये इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. अशा गाडीचा प्लग बदलतात, बॅटरी तपासतात, आणि खरं कारण टाकीच्या तोंडाशी असतं. काही गाड्यांत ही डबी बदलायला काही हजारांचा खर्च येतो. पाव लिटर जास्त भरून वाचवलं काय, तर पंपावरची एक खेप!

अंगावर सांडलं तर?

पेट्रोल उणे चाळीस अंशांतसुद्धा पेट घेण्याइतकी वाफ सोडतं, मग आपल्याकडच्या उन्हात काय सांगावं! ही वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे वर उडून न जाता जमिनीलगत पसरते. ज्या स्कूटरची टाकी सीटखाली आहे, तिथे काठोकाठ भरलेलं पेट्रोल गाडी साइड स्टँडवर कलली की बाहेर येतं आणि खाली गरम इंजिन असतं. पुढे उभं राहिलेलं लेकरू, खांद्यावरून लोंबणारी ओढणी, साडीचा पदर, हे सगळं डोळ्यांसमोर आणा.

म्हणून पेट्रोल भरताना सगळ्यांनी खाली उतरायचं, मुलांना बाजूला उभं करायचं. सांडलं तर कोरड्या फडक्यानं पुसून, पूर्ण उडून गेल्याशिवाय गाडी सुरू करायची नाही. ते फडकं डिकीत ठेवायचं नाही. कपड्यांवर उडालं असेल, तर घरी गेल्यावर तशाच स्वयंपाकघरात शिरू नका. आधी कपडे बदला, ते वेगळे धुवा आणि उघड्यावर वाळवा.

डिझेलचं दुखणं वेगळं. काठोकाठ भरलेल्या ट्रकमधून वळणावर सांडलेलं डिझेल पेट्रोलसारखं पटकन उडून जात नाही. रस्त्यावर तेलकट थर राहतो आणि मागून येणारी एखादी दुचाकी घसरते. भरलं कुणी आणि पडलं कोण!

पंपावरच्या पोरींचा विचार

आता लहान गावांतल्या पंपांवरही बायका काम करताना दिसतात. बचत गटाच्या कामानिमित्त अशा काही जणींशी माझं बोलणं होतं. त्यातली एक म्हणाली, "ताई, आम्हाला सांगितलंय कट झाला की थांबा. पण गिऱ्हाईकच ऐकत नाही. थांबलं तर म्हणतं, काटा मारला." दुसरीनं सांगितलं की काठोकाठ भरताना तोंड टाकीजवळ न्यावं लागतं, दिवसाअखेर डोकं भणभणतं.

पेट्रोलमध्ये बेन्झिन असतं आणि ते कॅन्सरला कारणीभूत ठरणाऱ्या द्रव्यांच्या यादीत आहे. आपल्या वाट्याला ती वाफ महिन्यातून चार वेळा, दोन-दोन मिनिटं येते. तिच्या वाट्याला रोज आठ तास. आपण "अजून टाक" म्हणतो, तेव्हा उडणारा थेंब तिच्या हातावर आणि वाफ तिच्या नाकात जाते.

भांडणाचं आणखी एक कारण बघा. पुस्तिकेत लिहिलंय टाकी पस्तीस लिटरची आणि बिल आलं सदतीसचं. झालं! गिऱ्हाईक त्या पोरीवर ओरडतं, मालकापर्यंत तक्रार जाते. पण कंपनी सांगते त्या आकड्यात वाफेसाठी ठेवलेली जागा आणि भरायच्या नळीतलं पेट्रोल धरलेलं नसतं. गळ्यापर्यंत भरलं, तर जास्त बसणारच. तेवढ्यावरून ती चोर ठरत नाही. शंका असेलच तर पंपावर पाच लिटरचं प्रमाणित माप ठेवलेलं असतं. त्यात मोजून दाखवा असं म्हणण्याचा आपल्याला हक्क आहे. तो जरूर वापरा, पण गरीब पोरीच्या अब्रूवर हात टाकू नका.

मग अर्धीच भरायची का?

नाही! उन्हाळा आला की मोबाइलवर एक निरोप फिरतो. टाकी पूर्ण भरू नका, स्फोट होईल, इंडियन ऑइलचा इशारा, वगैरे. 2022 साली इंडियन ऑइलनंच हे खोटं असल्याचं जाहीर केलं. कंपनीनं ठरवलेल्या मर्यादेपर्यंत टाकी भरायला उन्हाळ्यात, हिवाळ्यात कधीही धोका नाही, असं त्यांनी सांगितलं. फुल्ल भरणं आणि उतू जाईपर्यंत भरणं यात फरक आहे, तो एवढाच लक्षात ठेवायचा.

एवढं करा

- पहिला कट झाला की "बस, दादा" किंवा "बस, ताई" म्हणा.
- राउंड फिगरसाठी पुढे ढकलू नका. मोबाइलवरून पैसे देताना सुट्ट्यांचा प्रश्नच नाही. रोख द्यायचे असतील, तर आधीच ठरावीक रकमेचं भरा.
- गाडी हलवून, आडवी करून भरू नका. स्कूटर मेन स्टँडवर, सपाट जागी लावा.
- कट झाल्यावर नोझल दोन-चार सेकंद तसंच राहू द्या, शेवटचे थेंब टाकीत पडतील.
- झाकण घट्ट लावल्याची खात्री करा.
- पेट्रोल भरल्यावरच गाडी त्रास देत असेल, तर मेकॅनिकला तसं स्पष्ट सांगा आणि कॅनिस्टर बघायला लावा.

हे सगळं घरातल्या पुरुषांनाही सांगा बरं का. ते म्हणतील, "तुला काय कळतं गाडीतलं?" तेव्हा त्यांना दुधाच्या पातेल्याची आठवण करून द्या. काठाच्या खाली दोन बोटं जागा ठेवायची असते, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही.