विश्लेषण : घरी बदललेली दुचाकी कायद्यात कुठे अडते?

जुनी बुलेट घ्यायची, मडगार्ड कापायचा, पत्रा ठोकून डिकी बनवायची, फॅब्रिकेटरकडून हँडल वाकवून घ्यायचे. हौस तशी स्वस्तातली. आसनाचे कव्हर किंवा सामानाचा स्टँड घरी बनवला तर सहसा कोणी हरकत घेत नाही. रंग बदलला तर मात्र आरटीओकडे नोंद हवी.

खरा प्रश्न चेसिसचा आहे. आसन आखूड करण्यासाठी मागची नळी कापून पुन्हा जोडली जाते. वेल्डिंगच्या उष्णतेने सांध्याशेजारचा धातू कमकुवत होऊ शकतो, आणि शॉकअबसॉर्बरचा वरचा टेकू जवळच असेल तर प्रत्येक खड्ड्याचा हादरा तिथेच बसतो. तडा रंगाखाली लपतो, हे अधिक वाईट.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरतील असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच बजावले. कलम १८२-अ नुसार नियमबाह्य बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. पोलिसांची नजर मात्र बहुधा पुंगळी काढलेल्या सायलेन्सरवरच जाते; कापलेली चेसिस आवाज करत नाही.