विहिरीची जागा आणि खडकाची चुंबकीय प्रवृत्ति

विहीर खणणें किंवा बोअर घेणें हा शेतकऱ्याच्या व्यवहारांतील मोठ्या खर्चाचा आणि तितकाच अनिश्चित प्रसंग होय. बी चुकलें तर एका हंगामाचें नुकसान होतें. विहिरीची जागा चुकली तर कर्जाचे हप्ते कित्येक वर्षें फेडावे लागतात आणि जमीन कोरडी ती कोरडीच राहते. यामुळें जागा दाखविणाऱ्यांची आपल्याकडे कधींच वाण पडली नाहीं. पाणाडे, त्यांची बेचक्याची काठी व तळहातावरील नारळ हीं सर्वांच्या परिचयाचीं आहेत. अलीकडे त्यांच्या जोडीस निरनिराळीं यंत्रें आलीं आहेत, आणि आंकडा दाखविणारें यंत्र पाहिलें म्हणजे शिकल्यासवरलेल्या माणसाचाहि विश्वास लवकर बसतो. खडकाची चुंबकीय प्रवृत्ति मोजणारा हातांत धरावयाचा लहानसा मीटर हें अशांपैकींच एक यंत्र होय. तो शास्त्रशुद्ध आहे व भूगर्भशास्त्रज्ञ तो नित्य वापरतात. तथापि तो काय सांगतो आणि काय सांगूं शकत नाहीं हें ज्यास ठाऊक नाहीं, त्याच्या हातीं तो नारळाहून अधिक उपयोगी नाहीं. सबब या मीटरची माहिती शेतकरी बंधूंपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

चुंबकीय प्रवृत्ति म्हणजे काय :— कोणताहि पदार्थ चुंबकाच्या क्षेत्रांत ठेवला असतां तो स्वतःहि थोडाबहुत चुंबक बनतो. बाहेरील क्षेत्राच्या मानानें त्यांत किती चुंबकत्व उत्पन्न झालें याचें जें गुणोत्तर, त्यास त्या पदार्थाची चुंबकीय प्रवृत्ति म्हणतात. लोखंडाच्या ठायीं ती फार मोठी असते हें सर्वांस माहीत आहे. परंतु इतर पदार्थहि अगदींच उदासीन नसतात, हें मायकेल फॅरेडे या इंग्रज शास्त्रज्ञानें १८४५ सालीं दाखवून दिलें. कांहीं पदार्थ चुंबकाकडे किंचित् ओढले जातात, तर कांहीं किंचित् दूर लोटले जातात. दूर लोटल्या जाणाऱ्या पदार्थांस प्रतिचुंबकीय म्हणतात. आणि आपल्या दृष्टीनें लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, पाणी हें त्यांपैकींच एक आहे.

हें माप गुणोत्तर असल्यामुळें त्यास फूट किंवा शेर यांसारखें परिमाण नसतें. आजच्या आंतरराष्ट्रीय (एस. आय.) पद्धतींत खडकांचे आंकडे लहान येतात, म्हणून ते हजारांशांत सांगण्याचा प्रघात आहे. मीटरवर 'तीस' आलें म्हणजे तीस हजारांश, अर्थात् ०.०३० असें समजावें. जुन्या ग्रंथांत सी. जी. एस. पद्धतीचे आंकडे आढळतात, त्यांस १२.५७ नें गुणिलें असतां आजचे आंकडे मिळतात.

खडकांत ही प्रवृत्ति कोठून येते :— खडकाची प्रवृत्ति बहुतांशीं त्यांतील मॅग्नेटाइट या काळ्या लोहखनिजाच्या बारीक कणांवर अवलंबून असते. खडकांत एकंदर लोह किती आहे एवढ्यावर ती ठरत नाहीं, ही गोष्ट पुष्कळांस चमत्कारिक वाटेल. मॅग्नेटाइटमध्यें वजनानें सुमारें ७२ टक्के लोह असतें व हेमॅटाइटमध्यें सुमारें ७०. तरीहि मॅग्नेटाइटची प्रवृत्ति हेमॅटाइटच्या शेंकडों पटींनीं अधिक भरते. गेरूचा तांबडा रंग हेमॅटाइटचा आहे; म्हणून गेरूचा खडा लोहयुक्त असूनहि पुष्कळदां काळ्या दगडाहून कमी आंकडा दाखवितो.

महाराष्ट्राचा सुमारें चार-पंचमांश भाग ज्या काळ्या पाषाणानें व्यापिला आहे, तो बेसाल्ट सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं लाव्हाचे थरांवर थर सांचून बनला. त्यांत टायटॅनियमयुक्त मॅग्नेटाइटचे कण सर्वत्र विखुरलेले असतात. ताज्या, न कुजलेल्या बेसाल्टचा आंकडा बहुधा १० ते ६० हजारांश यांच्या दरम्यान येतो. उलट यवतमाळ जिल्ह्यांत वणीकडे जो चुनखडक लागतो, तसल्या खडकाचा आंकडा बहुधा एक हजारांशाच्याहि आंत असतो. ग्रॅनाइटाचे आंकडे त्याच्या जातीप्रमाणें शून्याच्या जवळपासून बेसाल्टच्या जवळपास जातात.

यंत्राची रचना :— मीटरच्या तोंडाशीं तारेचें एक सपाट वेटोळें असतें. विद्युत्-घटाच्या योगानें त्यांत उलटसुलट वाहणारा प्रवाह सोडलेला असून तो सेकंदास साधारणतः आठ-दहा हजार वेळां आंदोलित होतो. वेटोळें मोकळ्या हवेंत धरलें असतां या आंदोलनांची गति एक असते. तें खडकास टेकविलें म्हणजे खडकाच्या चुंबकत्वामुळें ती किंचित् मंदावते. हा फरक खडकाच्या प्रवृत्तीच्या प्रमाणांत असतो, व यंत्र तो मोजून आंकड्याच्या रूपानें दाखवितें. चेकोस्लोव्हाकियांतील ब्रनो शहरीं बनलेले असे मीटर 'कॅप्पामीटर' या नांवानें प्रसिद्धीस आले; प्रवृत्ति दर्शविण्यासाठीं शास्त्रज्ञ 'कॅप्पा' हें ग्रीक अक्षर वापरतात, त्यावरून हें नांव पडलें.

या रचनेंतून एक मर्यादा आपोआप निघते. वेटोळ्याचें क्षेत्र फार दूरवर पोंचत नाहीं. आंकड्याचा बहुतेक सर्व भाग टेकविलेल्या जागेपासून दोन-तीन सेंटिमीटर, म्हणजे सुमारें इंचभर जाडीच्या खडकाचाच असतो. तेव्हां जमिनीवर मीटर टेकवून शंभर फुटांखालचें कांहीं कळणें हें त्याच्या घडणींतच नाहीं.

मोजण्याची रीत :— प्रथम खडकाचा कुजका पापुद्रा हातोड्यानें उडवून ताजा व शक्य तितका सपाट पृष्ठभाग उघडा करावा, आणि हातोडा दूर ठेवावा. हातांतील घड्याळ, अंगठी, किल्ल्या व मोबाइल हींहि बाजूस ठेवावीं. नंतर मीटर खडकापासून हातभर दूर, मोकळ्या हवेंत धरून शून्य वाचन घ्यावें. मग तो खडकास घट्ट टेकवून वाचन घ्यावें. आणि पुन्हां हवेंत धरून शून्य तपासावें. उन्हानें यंत्र तापलें असतां शून्य सरकतें, म्हणून हें तिसरें वाचन टाळूं नये. पृष्ठभाग खडबडीत असल्यास मधील हवेमुळें आंकडा उणा येतो. एकाच खडकावर हातभर अंतरावरील दोन आंकडे सहज वेगळे येतात. यास्तव एका जागीं निदान दहा वाचनें घेऊन तीं चढत्या क्रमानें मांडावीं व मधला आंकडा धरावा. पंपाचे पाइप, बोअरची लोखंडी केसिंग व कठड्यांतील सळया यांच्याजवळ घेतलेलें वाचन सर्वथा त्याज्य समजावें.

बोअरमधून निघणाऱ्या भुकटीवर मीटर टेकविण्याचाहि प्रघात आहे. तेथें दुहेरी सावधगिरी पाहिजे. भुकटीच्या कणांमध्यें हवा असल्यानें आंकडा अखंड खडकाहून उणा येतो. उलट घासलेल्या बिटाचें लोखंड तींत मिसळल्यास तो भलताच वाढतो. चुंबक फिरवून हें लोखंड काढावें म्हटलें तर त्याबरोबर खडकांतील मॅग्नेटाइटहि निघून जातें. म्हणून भुकटीऐवजीं मोठ्या चिपा धुऊन, वाळवून मोजणें अधिक बरें.

मीटरास पाणी दिसतें काय :— याचें उत्तर साध्या हिशेबानेंच देतां येतें. पाण्याची प्रवृत्ति उणे ९ दशलक्षांश, म्हणजे उणे ०.०००००९ इतकी आहे. समजा, एका अखंड बेसाल्टचा आंकडा ३० हजारांश आहे. त्याच जातीच्या मांजऱ्या खडकांत पांचवा हिस्सा पोकळी असेल, तर दगडच तितका कमी झाल्यामुळें आंकडा सुमारें २४ येईल. आतां या पोकळ्या कोरड्या असल्या किंवा पाण्यानें तुडुंब भरल्या, तरी आंकड्यांत पडणारा फरक एका हजारांशाच्या सुमारें पांचशेंव्या भागाइतका असतो. शेजारच्या दोन वाचनांतच कित्येक हजारांशांचें अंतर पडत असतांना हा फरक ओळखणें अशक्य होय. शिवाय त्या पोकळ्या पांढऱ्या गारगोटीसारख्या खनिजांनीं बुजलेल्या असल्या तरी आंकडा तितकाच उतरतो; आणि तसल्या खडकांत तर पाण्यास जागाच नसते. सारांश, हा मीटर दगड ओळखतो, पाणी ओळखत नाहीं.

मग त्याचा उपयोग कोणता :— पाणी कोठें सांपडेल हें दगडांच्या रचनेवर ठरतें, आणि ती रचना उलगडण्यास मीटर मदत करतो. कठीण काळा पाषाण, त्यावरील मांजऱ्या थर, दोन थरांमधील गेरू व वरचा मुरूम यांचे आंकडे एकाच शिवारांत पुष्कळदां निरनिराळे येतात. दगड कुजतो तसें मॅग्नेटाइट गंजून त्याचीं दुसरीं खनिजें होतात, व बहुधा आंकडा उतरत जातो. जुन्या विहिरीच्या भिंतीवर वरपासून तळापर्यंत फुटाफुटावर वाचनें घेतलीं तर थर कोठें बदलला हें डोळ्यांस न दिसलें तरी आंकड्यांत दिसून येण्याचा संभव असतो. शेजारच्या दोन-तीन विहिरींत तोच बदल किती फुटांवर आहे हें पाहिलें म्हणजे थर कोणीकडे उतरतो याचा अंदाज बांधतां येतो.

दुसरा उपयोग डाइक ओळखण्याचा. लाव्हाचे थर फोडून खालून वर आलेल्या व भेगेंत थिजलेल्या रसाची जी उभी भिंत बनते, तीस डाइक म्हणतात. धुळें व नंदुरबार जिल्ह्यांत अशा दोनशेंहून अधिक भिंती नोंदल्या असून त्यांतील बहुतेक साधारणतः पूर्व-पश्चिम धांवतात. कित्येक ठिकाणीं आडवे खांब सरपणाच्या ढिगासारखे रचलेले दिसतात, त्यावरून डाइक ओळखतां येते. डाइक घट्ट असेल तर ती जमिनींत बांधलेल्या बंधाऱ्याचें काम करते: चढाकडील बाजूस पाणी अडतें व उताराकडील विहिरी कोरड्या पडतात. तीच जर भेगाळलेली असेल तर ती पाण्यास वाट देते. म्हणजे डाइकच्या अलीकडे विहीर घ्यावी कीं पलीकडे, यावर सारा खर्च सार्थकीं लागणें किंवा बुडणें अवलंबून राहतें.

ओढ्याच्या काठीं खडक उघडा पडलेला असेल तेथें डाइकच्या अंदाजी दिशेस काटकोनांत दोरी धरून पांच-पांच फुटांवर वाचनें घ्यावीं. समजा, प्रथम २५ च्या आसपासचे आंकडे मिळत गेले, मध्यें तीस फूट ते ५० वर चढले आणि पुढें पुन्हां २५ वर आले, तर त्या तीस फुटांचा दगड वेगळा आहे असें मानण्यास आधार मिळाला. मात्र डाइकचा आंकडा सदैव अधिकच येतो असें नाहीं. कोठें तो कमी येतो, कोठें शेजारच्या थराइतकाच येतो. म्हणून एका गांवचा आंकडा दुसऱ्या गांवीं लावूं नये.

माती व मुरूम यांखालीं दडलेली डाइक शोधण्यास हा मीटर असमर्थ आहे. त्यासाठीं पृथ्वीच्या चुंबकक्षेत्रांतील स्थानिक फरक मोजणारें मॅग्नेटोमीटर हें वेगळें यंत्र लागतें. त्या यंत्राच्या नोंदींवर खडकाच्या प्रवृत्तीचा जसा परिणाम होतो, तसाच लाव्हा थिजतांना त्यांत कायम राहिलेल्या पुरातन चुंबकत्वाचाहि होतो. दक्षिणेंतील लाव्हाच्या या पुरातन चुंबकत्वावर क्लेग, डॉइच व ग्रिफिथ्स यांनीं १९५६ सालीं संशोधन प्रसिद्ध केलें. हा दुसरा भाग हातांतील मीटर मोजीत नाहीं. म्हणून एकाचें काम दुसऱ्यावर सोंपवूं नये. ओलाव्याचा अप्रत्यक्ष पत्ता लावावयाचा तर जमिनीचा विद्युत्-रोध मोजण्याची रीत आहे, कारण ओला कुजका खडक कोरड्या पाषाणापेक्षां वीज अधिक सुलभतेनें वाहूं देतो. तीहि अचूक नव्हे. चिकणमाती व खारें पाणी यांनीं तिची फसगत होते.

शेतकऱ्यानें काय विचारावें :— यंत्र घेऊन कोणी बांधावर आला तर त्यास चार प्रश्न अवश्य विचारावे. हें यंत्र नेमकें काय मोजतें? त्याची पोंच किती खोल आहे? एका जागीं किती वाचनें घेतलीं व तीं लिहून ठेवलीं काय? आणि शेजारच्या चालू व कोरड्या विहिरींवर तेंच यंत्र लावून पाहिलें काय? ज्यास यंत्राचें कार्य ठाऊक आहे तो या प्रश्नांनीं रागावणार नाहीं. जो प्रवृत्तीच्या मीटरवर बोट ठेवून 'दोनशें फुटांवर दोन इंच पाणी' असें सांगेल, त्यास सन्मानानें निरोप द्यावा.

हे मीटर महाग असल्यामुळें एकेका शेतकऱ्यानें ते विकत घेण्याचें कारण नाहीं. परंतु त्यांचा पुरेपूर लाभ मिळेल अशी तयारी प्रत्येकास बिनखर्चानें करतां येते. विहीर खणतांना किंवा बोअर घेतांना दर पांच फुटांवरील मूठभर दगड निराळ्या पिशवींत भरावे, पिशवींत खोली, तारीख व गट नंबर लिहिलेली चिठी घालावी, पाणी कोणत्या फुटावर व किती लागलें याची नोंद करावी, आणि कोरड्या गेलेल्या बोअरचे दगडहि तितक्याच काळजीनें राखावे. एका गांवांत अशा वीस-पंचवीस विहिरींच्या पिशव्या एकत्र झाल्या, तर एखाद्या महाविद्यालयाच्या भूगर्भशास्त्र विभागाच्या किंवा भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जाणकारास त्यांवर काम करण्यासारखें कांहीं मिळेल, आणि गांवाखालील थरांचा नकाशा हळूहळू उभा राहूं लागेल. आज कोरड्या बोअरबरोबर त्यासाठीं खर्चिलेला पैसा तर जातोच, पण खालून वर आलेली माहितीहि बांधावर पडून मातींत मिळते. पैसा परत आणतां येणार नाहीं. माहिती राखणें आपल्या हातीं आहे.