बोलणे मेंदूत कोठे असते?

मी अकरावीत असताना आमच्या आबांच्या अंगावरून वारे गेले. उजवा हात व उजवा पाय लुळा पडला. ज्या माणसाने तीस वर्षे गावच्या भजनात पुढे उभे राहून टाळ धरला, त्याच्या तोंडून ‘हां, हां’ याखेरीज शब्द निघेना. कुणी म्हणाले, बाहेरची बाधा आहे. कुणी म्हणाले, म्हातारा भ्रमिष्ट झाला. हळूहळू घरातही त्यांना काही विचारणे बंद झाले. शेताच्या वाटणीची बोलणी त्यांच्या देखत होत, पण त्यांना वगळून.

पुढे बी. ए.ला मी मानसशास्त्र घेतले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. हा विषय शिकून काय होणार, हे मला घरी नीट सांगता येत नसे. मेंदू व वर्तन यांच्या अभ्यासपद्धतींचे प्रकरण परीक्षेपुरते वाचायला घेतले, आणि त्यात मला आबाच भेटले. म्हणून येथे सर्व पद्धतींची यादी न देता एकच प्रश्न घेतो : बोलणे मेंदूत कोठे असते, आणि ते शोधायचे कसे?

पहिली वाट व्यक्ती-अभ्यासाची. पॅरिसजवळच्या एका इस्पितळात लबोर्न नावाचा रुग्ण एकवीस वर्षे होता. त्याला ‘तान’ एवढेच म्हणता येई. परंतु विचारलेले त्याला कळे, व बोटांच्या खुणांनी तो उत्तरही देई. १८६१ साली तो वारल्यावर पॉल ब्रोका या शल्यवैद्याने शवविच्छेदन केले. मेंदूच्या डाव्या बाजूस, कपाळामागच्या भागात, इजा आढळली. त्याच वर्षी तशाच दुसऱ्या रुग्णाच्या मेंदूतही जवळपास त्याच जागी इजा दिसली. मेंदूची डावी बाजू शरीराची उजवी बाजू चालवते. म्हणून वाचा व उजवे अंग पुष्कळदा एकदमच जाते. आबांचे असेच झाले होते.

पण या पद्धतीची अडचण उघड आहे. इजा संशोधकाच्या सोयीने होत नाही. ती आजूबाजूलाही पसरते, आणि पूर्वी तर माणूस मरेपर्यंत ती पाहताही येत नसे. ब्रोकाने तो मेंदू न कापता जतन केला होता. २००७ साली संशोधकांनी त्याची चुंबकीय यंत्राने प्रतिमा घेतली, तेव्हा इजा ब्रोकाला वरून दिसली त्याहून बरीच खोल गेलेली आढळली. म्हणजे ‘बोलण्याची एक जागा’ ही कल्पना फार सोपी होती.

दुसरी वाट प्रत्यक्ष हस्तक्षेपाची. मेंदूला स्वतःला वेदना होत नाही. त्यामुळे कॅनडातील माँट्रियल येथे वाइल्डर पेनफील्ड हे शल्यवैद्य अपस्माराच्या रुग्णांवर ते जागे असतानाच शस्त्रक्रिया करीत. मेंदूवर ठिकठिकाणी सौम्य वीजप्रवाह लावून ते रुग्णाला चित्रांची नावे विचारत. काही जागी नाव ओठांवर अडे. प्रवाह काढला की वाचा परत येई. येथे कार्यकारणभाव अधिक स्पष्ट होतो. पण कवटी उघडायला वैद्यकीय कारण हवे. १९८५पासून डोक्याबाहेरून चुंबकीय झटका देऊन मेंदूचा एखादा भाग क्षणभर विस्कळीत करण्याचे तंत्र आले, ते याच वाटेचे.

तिसरी वाट केवळ नोंद घेण्याची. जर्मनीत हान्स बर्गर यांनी १९२४ साली डोक्याच्या त्वचेवरून मेंदूच्या विद्युत्‌लहरी टिपल्या. हा आलेख क्षणाचा हजारावा हिस्साही पकडतो, पण लहर नेमकी कोठून आली ते धड सांगत नाही. १९९०नंतर आलेल्या एफ.एम.आर.आय.चे उलट आहे. काम करणाऱ्या भागाकडे वाढणाऱ्या रक्तावरून ते जागा चांगली दाखवते, परंतु काही सेकंद उशिरा. शिवाय एखादा भाग बोलताना सक्रिय दिसला, म्हणून त्याच्यावाचून बोलणे अशक्य, असे ठरत नाही. तो सहसंबंध झाला, कारण नव्हे. २००९ साली अमेरिकेतील काही संशोधकांनी एक मेलेला मासा या यंत्रात ठेवून त्याला माणसांची चित्रे ‘दाखवली’. संख्याशास्त्रीय खबरदारी न घेता हिशेब केला, तर त्या माशाच्याही मेंदूत हालचाल दिसली! यंत्र खोटे नव्हते, हिशेब ढिला होता.

या सर्व वाटांवर एक गोष्ट समान आहे. आधी वर्तन नीट पाहावे लागते. लबोर्नला कोणी प्रश्नच विचारले नसते, तर तो केवळ वेडा ठरला असता.

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी गेलो, तेव्हा आबांपुढे विळा, तांब्या, टाळ व मिठाचा डबा मांडला. “आबा, विळा कुठाय?” असे विचारताच त्यांनी डाव्या हाताने बरोबर दाखवला. मग मला बर्लिनच्या हान्स घोड्याची गोष्ट आठवली. तो गणिते सोडवतो असा बोलबाला होता. पण प्रश्नकर्त्याच्या नकळत होणाऱ्या हालचाली पाहून तो पाय आपटणे थांबवतो, हे १९०७ साली ऑस्कर फुंग्स्ट यांनी दाखवून दिले. माझीही नजर विळ्याकडे गेली असेल! म्हणून मी पाठ फिरवून विचारू लागलो व आई पाहत राहिली. दहापैकी दहा उत्तरे बरोबर आली. शेवटी मी त्यांचा आवडता अभंग सुरू केला, तर आबांनी मागून शब्दांसकट दोन ओळी म्हटल्या. आईने पदर डोळ्यांना लावला. वाचाघात झालेल्या कित्येकांना बोलता येत नाही, पण पाठ असलेले गाता येते. गाण्यात मेंदूच्या उजव्या बाजूचाही मोठा वाटा असतो. याच निरीक्षणावरून १९७३ साली अमेरिकेत सुरांच्या आधाराने बोलायला शिकवण्याची उपचारपद्धती निघाली.

एका माणसावरून नियम काढता येत नाही, हे मी जाणतो. माझी चाचणीही घरगुतीच. तिने आबांची वाचा परत आली नाही. मात्र वाटणीचा कागद पुन्हा निघाला तेव्हा वडिलांनी तो आबांपुढे ठेवून एकेक कलम वाचले. विहिरीच्या कलमाला आबांनी मान हलवून नकार दिला. ते कलम बदलले आहे.