दुखावलेल्या मनाची विचारपूस

कित्येक वर्षांपूर्वी मी अकोला जिल्ह्यातील एका शाळेत शिक्षक असता, गावातील एका शेतकऱ्याने आत्महत्या केली. त्याचा मुलगा काही दिवसांनी वर्गात आला, तेव्हा मायेपोटीच मी त्यास सर्वांदेखत विचारले, "काय झालं रे बाळा?" मुलगा थरथर कापू लागला आणि दुसऱ्या दिवसापासून शाळेत येईनासा झाला. विचारपूस हीही एक विद्या आहे, हे मला फार उशिरा कळले. त्या विद्येविषयीच आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

मोठा आघात झाला म्हणजे त्याची आठवण इतर आठवणींप्रमाणे सहज जुनी होत नाही. एखादा आवाज, वास किंवा प्रश्न पुरेसा होतो, आणि तो प्रसंग आत्ताच घडत असल्याप्रमाणे शरीर वागू लागते. छाती धडधडते, झोप उडते, वाचा बसते. म्हणून अशा माणसाकडून बळेच हकीकत वदवून घेणे हा उपचार नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली मानसिक प्रथमोपचाराची मार्गदर्शिका काढली. तिची सूत्रे तीन: पाहा, ऐका, जोडून द्या. प्रथम तो सुरक्षित आहे ना, हे पाहावे. तो आपण होऊन सांगेल तितकेच ऐकावे. मग आप्त, निवारा, वैद्य यांच्याशी त्याची गाठ घालून द्यावी. पुढे तो प्रसंग उघडावयाचाच झाला, तर तज्ज्ञाच्या साह्याने आणि त्याच्याच संमतीने.

दुसरी गोष्ट भाषेची. आपला वऱ्हाडी शेतकरी 'मला नैराश्य आले' असे सहसा म्हणत नाही. 'टेन्शन आहे', 'जिवाले घोर लागला' असे म्हणतो. हे शब्द ज्यास कळतात, त्याच्यापाशीच मन मोकळे होते. अमरावती जिल्ह्यातील ३० खेड्यांत 'विश्राम' नावाचा उपक्रम झाला. त्यात स्थानिक कार्यकर्त्यांस शिकवून प्रथमोपचार व समुपदेशन त्यांच्याकडे सोपविले. गंभीर रुग्ण मनोविकारतज्ज्ञाकडे पाठविले. २०१७ साली 'लॅन्सेट सायकिअॅट्री' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार, नैराश्यग्रस्तांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण अठरा महिन्यांत शेकडा ४.३ वरून २७.२ वर गेले.

मेळघाटातून मजुरीसाठी बाहेर पडणाऱ्या कोरकू कुटुंबांची अडचण आणखी निराळी. कोरकू ही मुंडा कुळातील भाषा. मराठीशी तिचे नाते नाही. तेथे दुभाषा हवा. परंतु घरच्या लहान मुलास दुभाषा करू नये, नाहीतर आईचे दुःख लेकराच्या तोंडून वदविले जाते. ते प्रथम भूमकाकडे गेले म्हणून हसूही नये. हसलेल्या ठिकाणी माणूस पुन्हा पाऊल टाकीत नाही.

१० ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलीमानस' ही शासकीय सेवा सुरू झाली आहे. १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी विनामूल्य बोलता येते. हा क्रमांक घरात लिहून ठेवावा.

तो मुलगा आज वर्गात आला असता, तर मी एवढेच म्हणालो असतो: "आलास, बरं झालं. बस. बोलावंसं वाटलं, तर मी इथंच आहे."