मतदाराच्या दारात साठ वर्षं

महाराष्ट्र राज्य स्थापन होऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती, तेव्हाची गोष्ट. 1962च्या सार्वत्रिक निवडणुकीत कोण निवडून येणार यापेक्षा लोक मत कसं ठरवतात, हा प्रश्न पुणे विद्यापीठातल्या एका राज्यशास्त्रज्ञाला महत्त्वाचा वाटला. प्रा. व. म. सिरसीकर यांनी पुण्याच्या मतदारांचा अभ्यास केला आणि 1965 मध्ये तो इंग्रजीत ग्रंथरूपाने आला. राज्यशास्त्र म्हणजे राज्यघटनेची कलमं, असं मानण्याच्या त्या काळात मतदाराला जाऊन विचारणं हेच मोठं पाऊल होतं.

दिल्लीत राज्यशास्त्रज्ञ रजनी कोठारींनी 1963 मध्ये सीएसडीएस (सेंटर फॉर द स्टडी ऑफ डेव्हलपिंग सोसायटीज) ही संस्था उभी केली होती. काँग्रेसच्या वर्चस्वाचं त्यांनी केलेलं विवेचन आजही शिकवलं जातं. 1967 मध्ये या संस्थेने देशव्यापी मतदार सर्वेक्षण केलं. पुढे 1971 नंतर या कामात सातत्य राहिलं नाही. 1996 मध्ये ते पुन्हा जोमाने सुरू झालं आणि 1997 पासून ‘लोकनीती’ या नावाने राज्याराज्यांतले प्राध्यापक आणि विद्यार्थी त्यात जोडले गेले.

हे काम प्रत्यक्षात कसं चालतं, ते पाहण्यासारखं आहे. मतदार यादीतून ठरावीक अंतराने नावं काढायची आणि त्याच माणसाला गाठायचं. घराला कुलूप असेल तर पुन्हा यायचं. यादीत बाईचं नाव असलं की अनेकदा नवराच पुढे येतो: “तिला काय कळतंय, मला विचारा.” तिथे नम्रपणे, पण ठामपणे सांगावं लागतं, की आम्हाला ताईंशीच बोलायचंय. मत कुणाला दिलं हे तोंडी विचारत नाहीत. पक्षचिन्हं छापलेली नकली मतपत्रिका हातात देतात. ती खूण करून, घडी घालून सोबतच्या पेटीत टाकायची. तेवढ्या आडोशाने माणूस खरं सांगतो.

या चिकाटीतूनच कितीतरी पक्के समज मोडले. गरीब, दलित, कमी शिकलेला मतदार मतदानात मागे नसतो, हे 1990च्या दशकातल्या सर्वेक्षणांनी आकड्यांनिशी दाखवलं. राज्यशास्त्रज्ञ योगेंद्र यादव यांनी त्याला लोकशाहीतली नवी उसळी म्हटलं. 2004च्या लोकसभा निवडणुकीत एक्झिट पोल सपशेल चुकले. काँग्रेसला 145 आणि भाजपला 138 जागा मिळाल्या. लगेच ‘खेड्यांचा उठाव’ असं स्पष्टीकरण तयार झालं. लोकनीतीने घेतलेल्या सुमारे 27 हजार मतदारांच्या मुलाखतींनी ते खोडलं: निकाल घडला होता राज्याराज्यांतल्या समीकरणांनी आणि आघाड्यांनी.

आपल्याकडे महाराष्ट्रात सर्वांत मोलाचं काम सुहास पळशीकरांचं, असं मी मानतो. सिरसीकरांच्याच विभागात त्यांनी अनेक वर्षं शिकवलं आणि लोकनीतीचं सहसंचालकपदही सांभाळलं. 1995च्या विधानसभा निवडणुकीत काँग्रेस 80 जागांवर आली आणि शिवसेना-भाजपचं सरकार बसलं. ‘मराठा म्हणजे काँग्रेस’ या समीकरणाचं काय झालं? राजेश्वरी देशपांडे यांच्यासह त्यांनी हा प्रश्न धरून ठेवला आणि मराठा मतं अनेक पक्षांत विभागल्याचं दाखवलं. जातीची मतं एकगठ्ठा पडतात, हे आपल्या पारावरच्या गप्पांतलं लाडकं वाक्य. त्याला इतक्या शांतपणे तपासणारं लेखन मराठी वाचकाला क्वचितच मिळालं.

2024च्या लोकसभा निवडणुकीआधी लोकनीतीने विचारलं तेव्हा 62 टक्के लोकांनी नोकरी मिळणं कठीण झाल्याचं सांगितलं. वाहिन्यांवरची चर्चा मात्र जागांच्या आकड्यांतच अडकून पडली होती. महाराष्ट्रात महाविकास आघाडीला 48 पैकी 30 जागा मिळाल्या, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात विधानसभेत महायुतीने सव्वादोनशेचा आकडा ओलांडला. मतदार दर वेळी नव्याने विचार करतो, म्हणून त्याला दर वेळी नव्याने विचारावं लागतं.

देशात 1962 मध्ये पुरुषांचं मतदान 63 टक्के होतं, स्त्रियांचं 47च्या आसपास. 2019 मध्ये स्त्रिया किंचित पुढे गेल्या. तेव्हा पुढच्या निवडणुकीनंतर कुणी विद्यार्थी यादीतलं नाव शोधत तुमच्या दारात आला आणि ते नाव घरातल्या बाईचं असलं, तर तिलाच बोलू द्या.