परळचा दवाखाना आणि साच्यातला धोटा

गिरणीमालकांनी परळ-लालबागला लुटलं की जगवलं, यावर लिहा, असं संपादकांनी सांगितलं. परळमध्ये हा प्रश्न विचारला की बोट आधी वाडिया हॉस्पिटलकडे जातं. गिरणीमालक नवरोजी वाडियांच्या नावाचं प्रसूतिगृह १९२६ चं, बाई जेरबाईंच्या नावाचं मुलांचं रुग्णालय १९२९ चं. दोन्ही त्यांच्या मुलांनी आईवडिलांच्या स्मरणार्थ उभारलेली. गरज किती होती? १९२१ साली मुंबईत नोंदलेल्या हजार जन्मांमागे ६६६ अर्भकं वर्षाच्या आत दगावली. आई दिवसभर गिरणीत, म्हणून मूल निजून राहावं यासाठी त्याला अफूची गोळी. अशा वस्तीत ज्यांनी दवाखाना बांधला, त्यांचं ऋण मी मानतो.

पण लालबागच्या एका चाळीत निवृत्त साचेवाल्याने, म्हणजे मागावरच्या विणकराने, माझ्या हातात आडवं सूत नेणारा धोटा ठेवला आणि मी तिथेच अडकलो. गुळगुळीत लाकूड, दोन्ही टोकांना लोखंडी टोप्या, आत सुताची कांडी, कडेला एक बारीक भोक. कांडी संपली की नवी बसवायची, भोकाला ओठ लावायचे आणि एका दमात सूत ओढून घ्यायचं. कांडी काही मिनिटांत संपते, म्हणजे दिवसभर हेच. सुताबरोबर कापसाचा तूस छातीत. पाळी बदलली की तोच धोटा दुसऱ्याच्या ओठाला.

या उष्ट्या धोट्यामुळेच साचाखात्यात दलित कामगाराला मज्जाव होता. त्याने त्रासनखात्यात, म्हणजे सूत कातायच्या खात्यात, राबायचं, कमी पगारावर. विटाळ मानणारे सवर्ण साचेवाले होते, हे खरंच. पण धोटे मालकांचे होते. तोंड न लावता सूत ओवता येणारे धोटे बाजारात आले होते आणि अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने तोंडाने ओढायचे धोटे १९११ मध्येच कायद्याने बंद केले होते. इथे १९२८ च्या संपात बाबासाहेब आंबेडकरांना साचाखातं दलितांना खुलं करण्याची मागणी लावून धरावी लागली. धोटा बदलायला रुग्णालयाएवढा पैसा लागत नव्हता.

त्याच वर्षी मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या भत्त्याचं विधेयक आलं. बाबासाहेबांनी पाठिंबा दिला. खर्च गिरण्यांवर पडतो म्हणून मालकांचा विरोध. १९२९ मध्ये कायदा झाला. आठवड्याची सुट्टीसुद्धा कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांनी सभा-अर्ज करून १८९० मध्ये मिळवली होती. दवाखाना मालकांनी आपण होऊन दिला. सुट्टी आणि भत्ता मात्र भांडूनच घ्यावा लागला. माझ्या लेखी मालकांचा हिशेब इथे स्पष्ट होतो: ते दाते होते, पण कामगाराच्या हक्काचं त्यांनी मागितल्याशिवाय दिलं नाही.

आता दोन्ही बाजूंनी काळजी आहे. अनुदानाच्या वादात २०२० च्या जानेवारीत वाडिया रुग्णालय बंद पडण्याची वेळ आली. उच्च न्यायालयाने सरकारला फटकारलं, तेव्हा पैसे सुटले. आणि गिरण्या? १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. त्यांतले कित्येक परतलेच नाहीत. १९९१ च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचा एकेक तृतीयांश वाटा महापालिकेला आणि घरांसाठी म्हाडा या सरकारी गृहनिर्माण संस्थेला मिळायचा होता. २००१ मध्ये तो फक्त मोकळ्या जागेपुरता उरला आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ग्राह्य धरलं. घरासाठी कामगार आणि वारसांचे लाखाहून अधिक अर्ज आले. घरं मिळाली त्यातल्या थोड्यांनाच. अर्ज करणारे म्हातारे होताहेत. सरकारने ही घरं मुंबईतच, गिरण्यांच्या जमिनीवर आणि आता द्यावीत.